दोन शाळाबाह्य मुली

माझ्या दोन्ही मुली कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. पुण्यात असताना ह्याचं कुणाला फारसं नवल वाटत नसे. आमच्यासारखी आणखी दहाबारा कुटुंबं होती. आठवड्यातून दोनदा आम्ही कुणाच्या तरी घरी नाहीतर टेकडीवर जमायचो. एकीचे वडील पक्षी दाखवायचे, एक आई मातीकाम शिकवायची, मी गोष्टी सांगायचे. बाकीचे दिवस मुली घरी आपापल्या कलानं काहीतरी करत असायच्या. थोरली बारा वर्षांची होती, धाकटी आठची. 'शाळा कुठली?' असं कुणी विचारलं की थोरली शांतपणे सांगायची, 'आम्ही घरीच शिकतो,' आणि विचारणाराच जरा ओशाळायचा.

मग नवऱ्याला वर्ध्यात काम मिळालं. देवळीकडच्या गावांत शेतकऱ्यांबरोबर माती-पाण्याचं काम करणारी एक लहानशी संस्था होती, आणि असं काम त्याला कितीतरी दिवस हवं होतं. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, 'वर्धा म्हणजे तुमच्यासाठी माहेरच की. तिथं शिक्षणाचे केवढे प्रयोग झालेत!' मलाही तसंच वाटत होतं. एप्रिलच्या शेवटी आम्ही वर्ध्याला लागूनच बोरगाव मेघेत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. पहिल्याच सकाळी मी गॅलरीत उभी राहिले आणि पाहिलं, प्रयोग झाले असतील ते झाले असतील, आमच्या गल्लीतली झाडून सगळी मुलं पाठीला दप्तर लावून सकाळच्या शाळेला निघाली होती.

घरमालकीण खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या, ताठ चालणाऱ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची, म्हणून आम्हीही बाईच म्हणू लागलो. मुलींनी दोन दिवसांत त्यांची आजी केली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला पोह्यांना बोलावलं. बैठकीच्या भिंतीवर निळ्या कोटातली मोठी तसबीर होती, शेजारी बुद्धाची लहान मूर्ती, आणि खाली काचेच्या कपाटात पुस्तकं, कव्हरं घालून, पाठीवर नंबर टाकून. माझी नजर तिथंच अडकली. मला वाटलं, आपण बरोबर जागी आलो.

"पोरींचे दाखले आणले ना?" बाईंनी विचारलं. "इथली शाळा चांगली आहे. मी सांगून ठेवते."

मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. ते मला पाठच झालं होतं. मुलं मुळातच कशी शिकत असतात, घंटा आणि परीक्षा त्यांच्या आड कशा येतात, आम्ही दोघांनी किती विचार करून हे ठरवलं. बाईंनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर बशी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे शाळाबाह्य."

"नाही हो बाई. शाळाबाह्य म्हणजे ज्यांना शिकायला मिळत नाही ती मुलं."

"शाळाबाह्य म्हणजे ज्याचं नाव पटावर नाई ते. मी दरसाल रजिस्टर घेऊन घरोघरी फिरली. वीटभट्टीवर गेली, कापसाच्या जिनिंगच्या मागं झोपड्यांत गेली, जंगलकामाले जाणाऱ्या लोकांच्या वस्तीत गेली. एकेक नाव लिहून आणलं. तुमच्या दोन्ही पोरी माझ्या रजिस्टरात आल्या असत्या."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण रागावलेल्याही नव्हत्या.

"माझी आई कापूस वेचाले जाये," त्या म्हणाल्या. "तिनं मले शाळेत बसवलं, तवा आमच्या मोहल्ल्यातून शाळेत जाणारी मी एकटी पोरगी होती. रोज दुसऱ्या गावाले पायी. तुमची पोरगी घरी राह्यली तं लोक म्हणतात, प्रयोग करून राह्यले. आमची राह्यली तं म्हणतात, सुटली शाळा तिची." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या ना अजून पोहे. लाजू नका."

वर आल्यावर मी तणतणले. इतकी वर्षं शिक्षणात घालवलेल्या बाईला शिक्षण आणि शाळा ह्यांतला फरक कळू नये, वगैरे. नवरा खोकी उघडत होता. तो म्हणाला, "पण त्यांचं म्हणणं खोटं कुठं आहे?" त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मे महिना आम्ही कूलरसमोर काढला. सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. धाकटीला मात्र काही अडचण नव्हती. ती उठली की जिना उतरून बाईंकडे. बाई ज्वारीचं पीठ मळत असल्या की ही शेजारी बसून गोळा मागायची, बाई झाडांना पाणी घालत असल्या की ही नळी धरायची. पंधरा दिवसांत ती वर येऊन म्हणाली, "आई, मले भूक लागली." मी सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. भाषा मुलं ऐकून शिकतात, हे मीच तर लोकांना सांगत आले होते.

धाकटीच्या बाबतीत माझी एक गुपित काळजी होती. तिला अजून वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण दोन अक्षरं एकत्र आली की पुस्तक मिटून टाकायची. 'वाचेल तेव्हा वाचेल,' असं मी सगळ्यांना सांगायचे. थोरली पाचव्या वर्षीच वाचू लागली होती, त्यामुळे तेव्हा असं म्हणणं सोपं होतं. एक दिवस बाईंनी मला जिन्यात थांबवलं. "लहानीले जोडाक्षर येत नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी घेऊ का रोज अर्धा तास?"

"नको," मी म्हटलं. "तिचं ती शिकेल."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मी मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत होते. नकार मी धाकटीसाठी दिला की माझ्यासाठी, ते मला ठरवता येत नव्हतं.

खरी अवघड झाली ती थोरली. पुण्यातल्या मैत्रिणीशी ती दर शनिवारी फोनवर बोलायची. आधी तास तास चालणारं बोलणं जूनपर्यंत दहा मिनिटांवर आलं. एकदा फोन ठेवून ती म्हणाली, "तिकडं सगळं तसंच चालू आहे," आणि आत जाऊन पडली. दहा दहा वाजेपर्यंत झोपायची. पुण्याला असताना तिनं स्वतः कीटकांची वही केली होती, तीनेकशे चित्रं. ती वही खोक्यातून बाहेरच निघाली नाही. गल्लीतल्या मुलींशी तिनं बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांची सगळी बोलणी शाळेतली, कुठल्या सरांनी काय म्हटलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला. ही ऐकत उभी राहायची आणि परत यायची.

मी घाबरले, आणि घाबरल्यावर जे करू नये तेच केलं. वेळापत्रक बनवलं. सात ते आठ गणित, आठ ते नऊ वाचन, मग विज्ञान. फ्रिजवर चिकटवलं. चार दिवस तिनं मुकाट्यानं पाळलं. पाचव्या दिवशी अपूर्णांकांच्या मध्येच पेन्सिल खाली ठेवली.

"आई, तू शाळाच करतेयस," ती म्हणाली. "फक्त मैदान नाही, आणि मुलं नाहीत."

मी कागद फाडून टाकला. पण त्याजागी काय आणायचं ते मला सुचत नव्हतं. पुण्यात आम्ही मुलींना शिकवत होतो असं मी समजत होते. इथं आल्यावर कळलं की अर्ध्याहून जास्त काम त्या दहाबारा घरांनी, त्या टेकडीनं, तिथल्या वाचनालयानं केलं होतं. ते सगळं मागं राहिलं होतं आणि मी एकटी पुस्तकांची खोकी घेऊन इथं आले होते.

जुलैत एक दिवस अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. एक तरुण शिक्षक आणि एक अंगणवाडीताई, हातात रजिस्टर. ताईंनी विचारलं, "इथं दोन मुली आहेत ना, शाळेत न जाणाऱ्या?"

मी फाटकातच उभी राहून माझं पाठ उत्तर सुरू केलं. शिक्षक भला होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण आम्हाला लिहावं तं लागते. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे आहे." तेवढ्यात बाई बाहेर आल्या. मला हायसं वाटलं. बाईंचं नाव तालुक्यात मोठं, त्या एक शब्द बोलल्या की ही माणसं पुढच्या घरी जातील.

बाईंनी दोन खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं आणि म्हणाल्या, "लिहा. पूर्ण नाव लिहा, जन्मतारीख इचारा. मी असती तं मीही लिहिलं असतं."

माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "काम करू दे त्यांले. एक घर सोडलं की दुसरं सोडाले कारण भेटते."

मला ते फार लागलं. परक्या गावात ज्या एका माणसाला आपलं म्हणावं, तिनंच असं करावं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. पेनाचा आवाज येत होता. आवाज ऐकून दोन्ही मुली जिन्यात येऊन बसल्या होत्या.

जाताना शिक्षकानं थोरलीकडे बघून विचारलं, "काय मग, येतं का शाळेत?"

मी तिच्या नेहमीच्या शांत उत्तराची वाट बघत होते. ती म्हणाली, "आधी नुसती बघायला आले तर चालेल?"

शिक्षक हसला. "चालेल की. उद्या येजो. सातवीचा वर्ग माझाच आहे."

ते गेल्यावर बाईंनी खुर्च्या आत नेल्या. दारातून फक्त एवढंच म्हणाल्या, "मी काही शिकवलं नाई तिले. तुझीच पोरगी आहे." त्या दिवसापासून त्या मला 'तू' म्हणू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला शाळेपर्यंत सोडायला गेले. तिनं साधा पंजाबी ड्रेस घातला होता, हातात एक वही. फाटकाशी ती म्हणाली, "तू इथूनच जा." मैदानावर प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या. निळ्या गणवेशांत तिचा पिवळा ड्रेस लांबून दिसत होता. मी कोपऱ्यावरच्या पीठगिरणीपाशी उगाच पंधरा मिनिटं थांबले. गिरणीवाल्यानं विचारलं, "दळण कुठाय, ताई?" तेव्हा निघाले.

ती आठ दिवस 'बघायला' गेली. रोज रात्री जेवता जेवता सांगायची. वर्गात पंखा आहे पण लाइट गेली की सर झाडाखाली नेतात. भूगोल फार सावकाश चालतो. एक मुलगी रोज शेतातलं काम आटपून येते आणि पहिल्या तासाला डुलक्या घेते, सर तिला उठवत नाहीत. एकदा हिनं सरांना विचारलं की इथली माती काळी कशामुळे, तर सर म्हणाले, उद्या सांगतो, आणि खरंच दुसऱ्या दिवशी वाचून येऊन सांगितलं. बाकीच्या मुली म्हणाल्या, तू काऊन एवढं विचारते? आणि खो-खो. खो-खोबद्दल ती सगळ्यात जास्त बोलायची. हातवारे करून, ताट बाजूला सारून.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "मला नाव घालायचंय."

मी विचारलं, "घरी काय कमी पडलं?" प्रश्न विचारला तेव्हाच तो वाईट आहे हे मला कळलं.

तिनं बराच विचार केला. "कमी नाही पडलं," ती म्हणाली. "पण घरी सगळं आपलंच असतं ना. तिथं सगळे वेगवेगळ्या घरचे आहेत."

आम्ही मुलींना नेहमी सांगत आलो होतो की आपलं शिक्षण आपण ठरवायचं. तिनं ठरवलं होतं. मला रडू आलं ते ह्या गोष्टीचं की तिनं आमचंच तत्त्व इतक्या सरळपणे वापरलं, आणि मला ते आवडलं नाही. नवऱ्यानं तिला विचारलं, कधीपासून? तर ती म्हणाली, सोमवारपासून. तो म्हणाला, मग गणवेशाचं माप उद्याच द्यावं लागेल. त्याचं नेहमी असंच, तो लगेच पुढच्या कामाला लागतो.

प्रवेशाचा अर्ज भरायला बाई माझ्याबरोबर शाळेत आल्या. मी बोलावलं नव्हतं, त्यांनी पिशवी घेतली आणि चपला घातल्या. वयाप्रमाणे सातवीत प्रवेश मिळणार होता, जन्माचा दाखला होता, अडचण काही नव्हती. अर्जात एक रकाना होता, 'यापूर्वीची शाळा'. मी पेन धरून बसले. कारकून म्हणाला, "काही नसेल तं आडवी रेघ मारा, मॅडम."

मी रेघ मारली. एवढीशी रेघ. तिच्यात टेकडी होती, मातीकाम होतं, मांडीवर बसवून वाचलेली सगळी पुस्तकं होती. बाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझ्या आईच्या नावापुढं शिक्षणाच्या रकान्यात अशीच रेघ होती. मी स्वतः मारली, नोकरीच्या फॉर्मवर. तिले कापसाच्या वीस जाती बोटांनी ओळखू येत." आम्ही चालत घरापर्यंत आलो. वाटेत त्यांनी मला मेथीची जुडी घ्यायला लावली, स्वस्त होती म्हणून.

थोरली शाळेत जाऊ लागली आणि घर अकराला इतकं शांत व्हायचं की मला कानात बोटं घातल्यासारखं वाटायचं. धाकटीला मी विचारलं, तुलाही जायचंय का? ती म्हणाली, "मले नाई जायचं. मी बाबासोबत जाईन." तिचं हेही खरंच होतं. नवरा मोटरसायकलवर सकाळी लवकर निघून जायचा, म्हणून आठवड्यातून दोनदा मी तिला घेऊन एसटीनं देवळीला जाऊ लागले. तिथून बाबाबरोबर एखाद्या शेतात. बांधावर बसून ती माती भिजवून वळ्या करायची, बोंडअळी बघायची, बायकांच्या मागं मागं फिरायची. मीही फिरायचे. मला शेतातलं काही कळत नव्हतं आणि ते बायकांना माझ्या चालण्यावरूनच समजायचं. त्या हसायच्या आणि शिकवायच्या. पुष्कळ वर्षांत मला कुणी असं पहिल्यापासून शिकवलं नव्हतं.

हिवाळ्यात एकदा वर्ध्याच्या स्टँडवर आमची गाडी चुकली. पाऊण तास थांबायचं होतं. धाकटी बाकावर उभी राहून येणाऱ्या गाड्या बघत होती. अचानक ओरडली, "जाम!"

बाई पेरूला जाम म्हणतात, त्यामुळे मला वाटलं हिला पेरूवाला दिसला. मी म्हटलं, "घरी आहेत ना, जाम."

"अगं, त्या गाडीवर लिहिलंय. जा आणि म. जाम नावाचं गाव आहे?"

मी पाहिलं. खरंच गाडीच्या काचेमागं पाटी होती. मला भीती वाटली की मी बोलले तर ते थांबेल. पुढची गाडी आली. "आ... र... आर्वी." मग "पुलगाव." मग बराच वेळ ओठ हलवत राहिली. "समु... समुद्... समुद्रपूर! आई, इथं समुद्र आहे?"

"नाही गं."

"मग असं काऊन लिहिलं?"

"माहीत नाही. विचारू कुणाला तरी."

तिनं बाकावरून उडी मारून कंडक्टरला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं, पण तो म्हणाला, "आम्ही रोज जातो बाप्पा तिकडं, अजून तं दिसला नाई."

घरी आल्यावर ती आधी बाईंकडे पळाली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. बाईंनी वर्तमानपत्र पुढं केलं असावं, कारण आतून अडखळत अडखळत मथळा ऐकू आला, सोयाबीनच्या भावाचा. "कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं. "कोणीच नाई," धाकटी म्हणाली. "गाडीवर होतं." बाई म्हणाल्या, "बरं. पण 'भाव'ले काना आहे. नीट पाह्य."

बाईंचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. आजही त्या मला सांगतात की एकीच्या बाबतीत जमलं म्हणून सगळ्यांच्या जमते असं नाई. मीही त्यांना माझं सांगते. आम्ही दोघी संध्याकाळी त्यांच्या पायरीवर लसूण सोलत बसतो आणि वाद घालतो, आणि कुणाला पटो न पटो, लसूण सोलून होतो. ह्या जूनमध्ये निवृत्त शिक्षकांनाही सर्व्हेला मदत करायला बोलावलं होतं. बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून रजिस्टर धरायला त्यांनी मला बरोबर नेलं. विटांच्या भट्टीवर एका आईनं मला विचारलं, "तुमच्या पोरी कुठं जातात?" मी म्हटलं, एक जाते, एक नाही. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या तीन मुलांची नावं मी लिहिली. नीट अक्षरात.

मागच्या महिन्यात थोरलीच्या शाळेचा खो-खोचा सामना देवळीला होता. आम्ही सगळे गेलो, बाईसुद्धा. थोरली दुसऱ्याच पाळीत बाद झाली आणि त्यांचा संघ पहिल्याच फेरीत हरला. मुलींनी आधी रडून घेतलं, मग स्टँडवर आलुबोंडे खाल्ले आणि परतीच्या गाडीत मागच्या सीटांवर कलकलाट सुरू केला. थोरली त्यांच्यात होती. तिनं आमच्यासाठी पुढं जागा धरली होती, पण स्वतः बसली नाही. धाकटी खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या वाचत होती, चुकली की बाई दुरुस्त करत होत्या. मी मागं वळून पाहिलं तेव्हा थोरली कुणाच्या तरी केसांची वेणी घालत होती आणि तोंडात रबरबँड धरला होता. बाहेर कापसाची शेतं सरकत होती.